ओपन डेला नेलेली फाईल

लंडनच्या कडेच्या हॅरोमधल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली की आम्ही तिघंही जागच्या जागी थांबायचो. आईच्या हातातलं लाटणं थांबायचं, बाबा टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि मी खोलीत पुस्तकावर बोट ठेवून कान टवकारायची. मग बाबा पावलांचा आवाज न करता दारापर्यंत जायचे, भोकाला डोळा लावायचे आणि मोठ्याने जाहीर करायचे, "पार्सलवाला आहे, पार्सलवाला!" की घर पुन्हा सुरू. खाली इमारतीच्या मुख्य दाराशी प्रत्येक बटणासमोर रहिवाशाचं नाव होतं. एक पटेल, एक ओब्रायन, एक लांबलचक तमिळ नाव. आमच्या बटणासमोर मात्र नुसता फ्लॅटचा आकडा. आधी तिथेही बाबांच्या वळणदार अक्षरातली पट्टी होती. मी नऊ वर्षांची असताना दुसऱ्या मजल्यावर पुण्याचं एक सॉफ्टवेअरवालं जोडपं राहायला आलं आणि त्याच आठवड्यात पट्टी नाहीशी झाली. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "पावसाने गेली असेल." पट्टी काचेच्या आत होती. पण आमच्या घरात काही प्रश्न एकदाच विचारायचे असत.

बाबा नागपूरकडचे, इंजिनिअर. रेल्वेच्या सिग्नलचं सॉफ्टवेअर तपासायचं हे त्यांचं काम, आणि माझ्या मते ते त्यांना देवाने, म्हणजे आमच्या घरात देव नाही, पण कोणीतरी शोधून दिलं होतं. जिथे तिथे धोका शोधायचा आणि त्याचा पगार घ्यायचा! ऑफिसमध्ये त्यांना सगळे 'ॲश' म्हणत. आईने बारा वर्षं एका प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये काढली. बेचव भाज्या उकडण्यात तिचा जो संयम खर्ची पडायचा त्याचा वचपा ती रविवारी काढायची. पाटवड्यांचा लालभडक रस्सा, वांग्याची भाजी, आणि नागपूरहून जपून आणलेलं तिखट. फोडणी टाकायच्या आधी खुर्चीवर चढून स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालायची हा माझा मान होता. मागच्या बाजूने मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेन जात आणि काचेच्या बरण्या एकमेकींवर किणकिणत. त्याच रविवारी सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर आम्ही वंदना म्हणायचो, खिडक्या लावून, हळू आवाजात. बाहेर थंडी असते म्हणून खिडक्या लावतात असं मी कितीतरी वर्षं समजत होते. एप्रिलमध्ये जयंतीच्या हॉलमध्ये मात्र बाबा ओळखू येत नसत. तिथे ते मोठ्याने हसत, लोकांच्या पाठीवर थाप मारत, स्टेजवरचा माइक दुरुस्त करत. तिथून घरी येताना कारमध्येच त्यांचा आवाज पुन्हा बारीक व्हायचा.

हे सगळं मी आज नीट ओळीत लिहिते आहे, पण तेव्हाचं माझं मराठी दिव्य होतं. मी टेबलाला 'ती' म्हणायची आणि आईला 'तो दे ना चमचा' ऐवजी 'ते दे' म्हणायची. लिहायला मी फार उशिरा शिकले. बाबा गेल्यावर त्यांची कागदपत्रं वाचता यावीत म्हणून शिकले, हे खरं कारण.

माझी भीती वेगळ्या जातीची होती, असं मला तेव्हा वाटे. मला माणसांच्या गर्दीसमोर बोलता येत नसे. सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत, मी वर्गात आपणहून एकदाही हात वर केला नाही. नाव विचारलं तरी घसा सुकायचा. विद्यापीठांचे अर्ज भरले तेव्हा भूगोलासाठी मला दोन ठिकाणांहून ऑफर आली. एक बर्मिंगहॅममधलं मोठं विद्यापीठ. दुसरं एक छोटं, अशा गावातलं की नाव लिहिलं तर तिथले अर्धे लोक म्हणतील, ही आमच्याबद्दलच बोलते आहे. दोहोंतलं एक मेअखेरपर्यंत पक्कं करायचं होतं. बर्मिंगहॅमचा ओपन डे, म्हणजे मुलापालकांना विद्यापीठ दाखवायचा दिवस, आम्ही आधी पाहिला. चारशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये मला मधल्या रांगेत बसवलं, दोन्हीकडचे लोक गुडघ्याला गुडघा लावून बसले, आणि दहा मिनिटांत मला श्वास घेता येईना. मी सगळ्यांच्या पायांवरून धडपडत बाहेर पडले आणि पाऊण तास टॉयलेटच्या दाराला पाठ लावून बसले. आपण मरणार आहोत याची मला खात्री होती. बाहेर आल्यावर बाबांना सांगितलं, सँडविच बाधलं. त्यांचं लक्षच नव्हतं. ते खुशीत होते. "बघ उत्पला, केवढी गर्दी! इथे कोण कोणाला विचारतं?" मला वाटलं, त्यांना विद्यापीठाच्या मोठेपणाचं कौतुक आहे.

छोट्या विद्यापीठाची पुस्तिका पोस्टाने आली होती. ती मी इतक्यांदा वाचली की घडीवर फाटली. वर्गात बारा ते पंधरा मुलं. प्रत्येकाला स्वतःचा पर्सनल ट्यूटर. पहिल्या वर्षी हॉलमध्ये, म्हणजे हॉस्टेलमध्ये, खोलीची हमी. लायब्ररीपासून नदीपर्यंत चालत सहा मिनिटं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं: इथे तुम्ही नुसता आकडा नसता, इथे सगळे तुम्हाला नावाने ओळखतात. माझ्यासारख्या मुलीला त्या एका ओळीने रडू यायचं. मी ती आईला भाषांतर करून सांगितली. आई म्हणाली, "छान आहे की." बाबांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली, ती ओळ वाचली आणि पुस्तिका टेबलावर पालथी ठेवली.

"नको," ते म्हणाले. "लहान आहे."

"बाबा, लहान आहे म्हणून तर मला पाहिजे. फक्त एकदा बघायला चला. यू डोन्ट हॅव टू लाइक इट."

"बर्मिंगहॅम काय वाईट आहे?"

"ते खूप मोठी आहे."

"मोठंच हवं. तुला कळत नाही अजून."

आई मध्ये पडली. "अहो, ऑफर मिळालेल्या मुलांना बघायला बोलावलंय त्यांनी. जाऊन तर या. गेलं की काय लगेच ॲडमिशन होते का?"

या शेवटच्या वाक्याने घोटाळा केला. बाबांच्या डोक्यात बसलं की बोलावलंय म्हणजे ॲडमिशनचाच दिवस. त्यांना नको होतं, तरी मुलीची कागदपत्रं अपुरी पडून कोणी तिला परत पाठवावं हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. तीन संध्याकाळी ते फाईल लावत बसले. निळी, बक्कलवाली, त्यांच्या स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांपासूनची फाईल. माझे जीसीएसईचे, म्हणजे इथल्या दहावीचे निकाल, जन्मदाखला, पासपोर्ट, शाळेचं पत्र, आठ फोटो, प्रत्येक कागदाच्या तीन तीन झेरॉक्स. एका प्लास्टिकच्या कप्प्यात त्यांचे स्वतःचे जुने दाखले. "ते कशाला?" मी विचारलं. "मागितलेच तर," ते म्हणाले. शनिवारी ते सूट घालून निघाले. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी दिली होती. मेट्रोपॉलिटन लाइनने लंडनमध्ये आणि तिथून दुसऱ्या ट्रेनने दोन तास बाबा ती फाईल मांडीवर घेऊन बसले होते, आणि पुऱ्यांना त्यांनी हात लावला नाही.

दाराशी पिवळ्या टी-शर्टमधली एक विद्यार्थिनी स्टिकरवर नावं लिहून देत होती. बाबांनी "ॲश" सांगितलं. तिने आडनाव विचारलं. "जस्ट ॲश," बाबा म्हणाले, आणि लगेच फाईलचं बक्कल उघडून तिला इंग्रजीत विचारलं, "ओरिजिनल्स इथेच दाखवायचे की आत?" तिला काही कळेना. तिने हसून आम्हाला एक कापडी पिशवी, एक पेन आणि कॅम्पसचा नकाशा दिला. कोणीच काही मागत नाही हे पाहून बाबांची बेचैनी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मागत नाहीत म्हणजे काहीतरी आधीच ठरलेलं आहे, असा त्यांचा अनुभव असावा. मी मात्र चालता चालता हलकी होत होते. विटांच्या बुटक्या इमारती, हिरवळीवर बदकं, कुठेही पाहिलं तरी समोर दार दिसेल असं सगळं. इथे मला श्वास घेता येत होता.

भूगोल विभागात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बारा मुलं आणि त्यांचे आईवडील. आमच्या समोर एक बाई मुलीला म्हणत होत्या, "अगं ईशा, ती बॅग खाली ठेव ना, दिसत नाहीये काही." मराठी! मी आनंदाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी कोटाची कॉलर सारखी केल्यासारखं करून नुसतं 'ॲश' लिहिलेला छातीवरचा स्टिकरसुद्धा झाकला. त्यांचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात विभागाच्या प्राध्यापिका आल्या, हेलन नावाच्या, बुटांना चिखल लागलेला, सकाळी नदीवर जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आधी सगळ्यांनी नावं सांगा. पूर्ण नावं, आईवडिलांनीसुद्धा. मला ती नीट उच्चारायला शिकायचं आहे, म्हणून घाई करू नका."

पाळी आमच्याकडे येत होती. शेजारचा माणूस बोलून झाला आणि बाबांचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं, हे तर माझंच दुखणं! घसा सुकणं, सगळ्यांचे डोळे, खोली लहान होत जाणं. बाबांनाही गर्दीसमोर बोलायची भीती वाटते, आणि इतकी वर्षं मला कळलं नाही! मला त्यांची इतकी दया आली की दोन वर्षांत जे जमलं नव्हतं ते मी केलं. खणखणीत आवाजात म्हणाले, "मी उत्पला. उत्पला गजभिये. आणि हे माझे बाबा, अशोक गजभिये, नागपूरचे."

समोरच्या बाईंनी झटकन वर पाहिलं. हेलननी आडनाव म्हणून पाहिलं, 'भि' पाशी अडल्या, पुन्हा म्हणाल्या. म्हणजे ते नाव त्या खोलीत चार वेळा मोठ्याने उच्चारलं गेलं. बाबा माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती मला अजून आठवते. राग नव्हता त्यात. सिग्नल तांबडा असताना आपलंच पोर रुळांवर उतरलेलं पाहावं, तसं ते पाहत होते. मी त्यांना वाचवलं या आनंदात होते. काय चुकलं ते मात्र कळेना.

पुढे अभ्यासक्रमाची माहिती, नदीकाठच्या सहली, तिसऱ्या वर्षीची प्लेसमेंट, यातलं मला काही ऐकू गेलं नाही. शेवटी हेलननी कोणाला काही विचारायचं आहे का म्हटलं तेव्हा बाबा उभे राहिले. बाकी सगळे बसूनच विचारत होते.

"मॅडम, लिस्ट कुठे लावता?"

"कसली लिस्ट?"

"निवडलेल्या मुलांची. बाहेर बोर्डवर लावता का? नाव, आणि..." बाबा थांबले. "नाव आणि बाकीचं."

एकदोघे पालक हसले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. हेलन हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आम्ही कसलीच लिस्ट लावत नाही, मिस्टर गजभिये. जे काही असेल ते फक्त उत्पलाला कळवतो."

"दुसऱ्या कोणाला दिसत नाही?"

"कोणालाच नाही."

बाबा सावकाश खाली बसले.

चहाच्या टेबलाशी त्या काकू, ईशाची आई, आमच्याकडे आल्याच. मनमोकळ्या होत्या, हे सांगायला हवं. साउथहॅम्प्टनला राहत होत्या, यजमान तिथे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. "अय्या, किती बरं वाटलं मराठी माणूस बघून! इथे म्हटलं कोण भेटणार. गजभिये म्हणालात ना? म्हणजे तुम्ही..."

"नागपूरचे," बाबा म्हणाले.

"हो हो, ते ऐकलं. पण म्हणजे तुम्ही कोण?"

मी बाबांकडे पाहत होते. दार चार पावलांवर होतं आणि मला वाटलं, ते आता तिकडे चालू लागतील. त्यांनी कप खाली ठेवला, फाईल दुसऱ्या हातात घेतली.

"आम्ही बौद्ध," बाबा म्हणाले.

"अच्छा, अच्छा," काकू म्हणाल्या. मग त्यांनी चहाचा घोट घेतला, बिस्किटं छान आहेत म्हणाल्या, आणि ईशा कुठे गेली ते बघायला गेल्या. एवढंच झालं. वाईट शब्द नाही, काही नाही. पण अपघातातून उठलेला माणूस आधी हातपाय शाबूत आहेत का बघतो, तसे बाबा जागच्या जागी उभे होते.

परतीच्या ट्रेनमध्ये मी माफी मागितली. कशाबद्दल ते माहीत नव्हतं. बाबा सिग्नलचा रिपोर्ट सांगावा तशा आवाजात बोलू लागले. त्यांचं कॉलेज तालुक्याच्या गावी होतं. लहान. चाळीस मुलांचं हॉस्टेल. ॲडमिशनची लिस्ट बाहेर बोर्डवर लागली होती, नावासमोर कंसात कॅटेगरी, आणि कोणीतरी राखीव जागांच्या तेवढ्याच नावांखाली लाल रेघ ओढली होती. "सगळे नावाने ओळखायचे," ते म्हणाले. "सरसुद्धा. पहिल्या दिवसापासून." हॉस्टेलच्या त्यांच्या दारावर रोज खडूने काहीतरी लिहिलेलं असायचं. ते सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ओल्या रुमालाने पुसायचे आणि मग वर्गात जायचे.

"काय लिहिलेलं होतं?"

"ते जाऊ दे. चार वर्षं पुसलं." मग म्हणाले, "नोकरीला मुंबईत आलो तर कोणी विचारेचना. रस्त्यात लोक धक्का मारून पुढे जायचे. मला इतकं बरं वाटायचं! गर्दीत माणूस सुरक्षित असतो, उत्पला. म्हणून म्हणतो, मोठंच हवं."

मग मीही बर्मिंगहॅमचं खरं सांगितलं. चारशे खुर्च्या, टॉयलेटचं दार, श्वास. माझं मोडकं मराठी आणि मध्येच इंग्रजी. बाबा ऐकता ऐकता वळून माझ्याकडे बघू लागले. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची मुलगी दाराला पाठ लावून बसली होती, आणि ते बाहेर गर्दीचं कौतुक करत उभे होते. त्यांनी पुऱ्यांचा डबा उघडला आणि आधी मला दिली. लंडन येईपर्यंत आम्ही सगळ्या संपवल्या.

निर्णय त्यांनी लगेच दिला नाही. कितीतरी दिवस गेले. मुदतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून बसले. आई दारात उभी. बाबा शर्टाला इस्त्री करत होते. "मला भीती वाटते," ते इस्त्रीकडे बघत म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात एकदाच ऐकलं. मी म्हणाले, "मलापण." माझं बोट बटणावर होतं आणि दाबवत नव्हतं, कारण आता मला दोन्ही भीती माहीत होत्या, माझी आणि त्यांची. इस्त्रीची वाफ फुसफुसली. "दाब," बाबा म्हणाले.

ईशा त्या वर्षी तिथे आली नाही. का, ते मला कधीच कळलं नाही. कदाचित तिला दुसरीकडे जास्त चांगली ऑफर असेल. बाबांनी मात्र कारण स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

सप्टेंबरमध्ये तिघंही सामान घेऊन हॉलवर पोचलो. रजई, कुकर, तिखटाची बरणी, आणि अर्थातच निळी फाईल. लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दारावर रंगीत कागदाचं पान आणि त्यावर मुलाचं नाव. आई किल्लीशी झटापट करत होती. बाबा माझ्या दारासमोर उभे राहिले आणि पुढे सरकेनात. पिवळ्या कागदावर कोणीतरी आवडीने फुलं काढून लिहिलं होतं: 'उत्पला'. बाबांनी खिशात हात घातला. मला वाटलं रुमाल काढतात. त्यांनी पेन काढलं, ओपन डेला फुकट मिळालेलं.

"अर्धंच लिहिलंय," ते म्हणाले.

कागदाखाली फाईल धरून, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात, त्यांनी पुढे 'गजभिये' लिहिलं. टोपण लावून पेन त्यांनी खिशात ठेवलं, दोन पावलं मागे सरले, आणि कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांकडे पाहून घेतलं, कोणी येत नाही ना.

घरी परतण्याआधी, आई आत पलंगावर चादर घालत असताना, ते तीनदा काहीबाही निमित्त काढून बाहेर गेले. मी दाराच्या भोकातून पाहिलं. ते फक्त कागद तपासत होते. त्यावर दुसरं कोणी काही लिहिलं नव्हतं.